मलकपेठ ते एव्हरेस्ट बेस कॅम्प: आमची तयारी

यंदाची दिवाळी आटोपली की मी आणि माझी लेक एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकला निघतो आहोत. मी 47 वर्षांची, बँकेत नोकरी करणारी. लेक 20 वर्षांची, इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. गणपतीत आरतीनंतर ही बातमी फुटली आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. खर्च किती? पाय दुखत नाहीत का? तिथे ऑक्सिजन मिळतो का? आमच्या सासूबाईंनी तर “त्यापेक्षा श्रीशैलमला जा, डोंगरही होईल आणि देवही भेटेल,” असा तोडगा सुचवला. मंडळातल्या चार-पाच मुलामुलींनी मात्र गंभीरपणे विचारलं, “काकू, सुरुवात कुठून करायची?” हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी.

आधी उंची समजून घ्या

आपलं हैदराबाद समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर आहे. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, 1646 मीटर. एव्हरेस्ट बेस कॅम्प 5364 मीटरवर. म्हणजे तीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी बेस कॅम्प चारशे मीटर वरच राहतो. तिथल्या हवेतही ऑक्सिजनचं प्रमाण आपल्याकडच्याइतकंच, 21 टक्के असतं. पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा होतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजनही निम्मा.

चालायला लागायचं ते नेपाळमधल्या लुक्लाहून, 2860 मीटरवरून. पुढे फाकडिंग, नामचे बाजार (3440), तेंगबोचे (3860), डिंगबोचे (4410), लोबुचे, गोरकशेप आणि मग बेस कॅम्प. जाऊन-येऊन सुमारे 130 किलोमीटर. दोर लावून चढण्यासारखं यात काही नाही, सगळी पायवाट आहे. अवघड आहे ती उंची. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळ लागतो आणि तो वेळ पैसे देऊन किंवा जिममध्ये घाम गाळून विकत मिळत नाही. डॉक्टर मंडळींचा साधा नियम असा: 3000 मीटरच्या वर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर एक मुक्काम जास्तीचा करावा. म्हणूनच नामचे आणि डिंगबोचे इथे प्रत्येकी दोन रात्री राहतात.

भोनगीरचा खडक

“पठारावरची माणसं आपण, हिमालय आपल्याला कसा झेपणार?” असं कुणी म्हटलं की मी मालावत पूर्णाचं नाव सांगते. आपल्या धर्माबादच्या पलीकडचा निजामाबाद जिल्हा, तिथल्या पाकाला गावची ही शेतमजूर आदिवासी कुटुंबातली मुलगी. समाजकल्याण खात्याच्या निवासी शाळेत शिकत होती. 25 मे 2014 रोजी ती एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचली तेव्हा तिला 14 वर्षंही पूर्ण झाली नव्हती. तिच्यासोबत खम्मम जिल्ह्यातला आनंद कुमार हा तशाच शाळेतला विद्यार्थी होता. त्यांच्या प्रशिक्षणाची सुरुवात झाली ती हैदराबादपासून सुमारे 50 किलोमीटरवरच्या भोनगीरच्या किल्ल्यावर, त्या एकाच अखंड खडकावर. मग दार्जिलिंगची पर्वतारोहण संस्था, मग लडाखची थंडी, आणि शेवटी एव्हरेस्ट.

आम्ही काही शिखरावर निघालेलो नाही. पण क्रम तोच घ्यायचा ठरवला: आधी घराजवळचा दगड, मग थंडी, मग उंची. म्हणून जुलैत एका रविवारी भोनगीरला जाऊन आलो, आणि लेकीची परीक्षा संपल्यावर तीन दिवस हिमाचलमध्ये राहून बूट आणि जाकिटं वापरून पाहिली.

मलकपेठेतला सराव

मेपासून आमचा सराव सुरू आहे. पहाटे साडेपाचला, रहदारी सुरू व्हायच्या आत बाहेर पडायचं. पहिल्या महिन्यात रोज 4 किलोमीटर सपाटीवर, आता 8. मेट्रो स्टेशनवर सरकता जिना आम्ही दोघींनी सोडून दिला आहे. आठवड्यातून दोनदा आस्मानगडच्या बाजूला, फ्रेंच सरदार रेमंडच्या कबरीच्या टेकडीकडे जातो. महिन्यातून एकदा गोवळकोंड्याला बाला हिसारपर्यंत, न थांबता.

खरा सराव मात्र घरच्या जिन्यावर होतो. आमची इमारत पाच मजल्यांची, चढ साधारण 15 मीटर. लेकीने हिशेब केला की फाकडिंगहून नामचेला एका दिवसात जेवढा चढ आहे, तेवढ्यासाठी आमचा जिना 55 वेळा चढावा लागेल! आम्ही 20 फेऱ्यांपर्यंत आलो आहोत. पाठीवर आधी रिकामी सॅक होती, मग गंजातून आणलेली 5 किलोची तांदळाची पिशवी घातली. वॉचमन आता “मॅडम, आज कितना चावल?” असं विचारतो.

उतरताना गुडघ्यांवर चढण्यापेक्षा जास्त ताण येतो. त्यामुळे मांड्यांचे व्यायाम रोज करा, आणि काठ्या वापरायची सवय इथेच लावून घ्या. आणखी एक. सराव करताना दम इतकाच लागू द्यावा की सोबत्याशी बोलता आलं पाहिजे. वर हाच वेग कामाला येतो.

दवाखाना आणि कागदपत्रं

मी सगळ्यात आधी रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन 10.4 निघालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, “हे आधी वाढवा, तिकीट नंतर काढा.” लोहाच्या गोळ्या, पालेभाज्या, खजूर असं तीन महिने चाललं आणि ऑगस्टमध्ये ते 12.3 झालं. त्यानंतरच आम्ही पैसे भरले. घरातल्या मुलींनो आणि वहिनींनो, ट्रेकला जायचं असो वा नसो, ही तपासणी करून घ्याच. त्याबरोबर रक्तदाब, साखर, ईसीजी आणि दातही पाहून घेतले.

उंचीच्या त्रासासाठी डायमॉक्स नावाची गोळी असते. ती मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नये. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं.

नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. 15 ते 65 वयाच्या प्रवाशांना नुसतं आधार कार्ड चालत नाही. ज्या मुलांनी अजून मतदार नोंदणी केली नसेल त्यांनी ती करून टाकावी. विमा घेताना 6000 मीटरपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टरने सुटका या दोन्ही गोष्टी त्यात लेखी आहेत का, ते पाहा. नेहमीच्या आरोग्य विम्यावर विसंबू नका.

गाइड निवडताना

तीन कंपन्यांना एकच प्रश्नावली पाठवली. गाइडकडे परवाना आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आहे का? किती जणांमागे एक गाइड? ऑक्सिजन सिलिंडर आणि ऑक्सिमीटर सोबत असतात का? एखाद्याला खाली आणायची वेळ आली तर त्याच्याबरोबर कोण उतरणार? पोर्टरच्या पाठीवर किती किलो ओझं देता, आणि त्याचा विमा, गरम कपडे यांची सोय आहे का?

सर्वांत स्वस्त कंपनीच्या कार्यक्रमात डिंगबोचेचा जास्तीचा मुक्काम गायबच होता. पैसे वाचतात ते अशा ठिकाणी! आम्ही ती नाकारली. जी निवडली तिने पोर्टरच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात आधी आणि न विचारता तपशिलात दिलं होतं. जो ओझं वाहणाऱ्याची काळजी घेतो, तो आपलीही घेईल, असा माझा साधा हिशेब.

कंपनीचा आकडा म्हणजे सगळा खर्च नव्हे. गरम पाण्याची अंघोळ, मोबाइल चार्जिंग, वायफाय, बक्षिसी, आणि हवा बिघडून लुक्लाचं विमान रखडलं तर जादा मुक्काम, हे सगळं वेगळं धरा. त्या विमानात माणशी सामान साधारण 15 किलोच नेता येतं. त्यामुळे जाड जाकीट आणि स्लीपिंग बॅग आम्ही काठमांडूच्या थामेलमध्ये भाड्याने घेणार आहोत. बूट मात्र स्वतःचे, आणि चार महिने वापरलेले. वर डाळभात मिळतोच. तोंडाला चव म्हणून मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असेल. डिंकाचे लाडू सासूबाई स्वतः करून देणार आहेत, श्रीशैलमचा आग्रह अजून कायम ठेवून.

फ्रिजवरचा कागद

आमच्यात खरी वादावादी झाली ती एकाच प्रश्नावर. दोघींपैकी एकीला त्रास झाला तर? मी म्हटलं, “मला काही झालं तर तू पुढे जा.” ती म्हणाली, “तू उतरलीस तर मीही उतरणार, नाहीतर मी येतच नाही.” दोन दिवस घरात अबोला होता.

मग मी तिला वाचलेली माहिती दाखवली. उंचीचा त्रास वय किंवा तब्येत पाहून होत नाही. उलट धडधाकट तरुण मुलं भराभर चढतात आणि आजारी पडतात. म्हणजे परत फिरायची वेळ माझ्यावर येईल तशी तिच्यावरही येऊ शकते. हे पटल्यावर आम्ही कागदावर चार ओळी लिहिल्या:

1. डोकेदुखी, मळमळ, चक्कर लपवायची नाही. रोज संध्याकाळी गाइडला खरं सांगायचं.
2. त्रास होत असताना आणखी वर चढायचं नाही. वाढला तर त्याच दिवशी खाली.
3. त्रास सौम्य असेल तर एकीने सहायक गाइडबरोबर खालच्या गावी थांबायचं, दुसरीने पुढे जायचं. तोल जाणं, असंबद्ध बोलणं, बसल्या जागी धाप लागणं यांपैकी काहीही दिसलं तर दोघीही खाली.
4. गाइडचा शब्द शेवटचा.

त्याच कागदावर वाटेतल्या दोन जागा नोंदवल्या आहेत: एडमंड हिलरी यांनी 1966 मध्ये उभारलेलं खुंडेचं रुग्णालय, आणि हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा फेरिचेचा दवाखाना, जो ट्रेकिंगच्या हंगामात सुरू असतो. एक प्रत गाइडला पाठवली, एक ह्यांच्याकडे दिली.

मुलांनो, हा कागद इथेच, घरी बसून लिहा. 5000 मीटरवर डोकं ठणकत असताना, खर्च झालेले पैसे आठवत असताना आणि बेस कॅम्प दोन तासांवर दिसत असताना असा निर्णय नीट घेता येत नाही.

ह्यांनी तो कागद वाचला आणि खाली पाचवी ओळ लिहिली: “रोज फोन करायचा. नेटवर्क नसेल तर गाइडच्या फोनवरून.” आम्ही दोघींनी त्यावर सही केली आहे.