विश्लेषण : घाटात ट्रकला धाप का लागते? डिझेल पंप दुरुस्त करावा की बदलावा?

चिपळूणहून कराडकडे निघालेला मालट्रक अलोरे-शिरगावपर्यंत कुरकुर न करता येतो. पोफळी मागे पडते, कुंभार्ली घाटाची वळणे सुरू होतात आणि गाडी धाप टाकू लागते. गिअर खाली घ्यावा लागतो, मागे काळा धूर सुटतो आणि एखादा सिलिंडर ‘मिसिंग’ मारतो. कोयना प्रकल्पाच्या वसाहतीमुळे ओळखले जाणारे अलोरे घाटाच्या पायथ्याशी आहे. त्यामुळे सपाटीवर झाकून राहिलेला दोष याच टापूत उघडा पडतो. चालक म्हणतो, ‘पंप गेला.’ पण तो खरेच गेला आहे का, हे कसे ठरवायचे?

हा पंप करतो काय?

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. दाबाने तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की ते आपोआप पेटते. हा फवारा नेमक्या क्षणी आणि नेमक्या मापाने पाठवण्याचे काम इंधन पंपाचे. ट्रकच्या एका सिलिंडरला एका वेळी लागणारे डिझेल भरल्या लोडवरसुद्धा जेमतेम एक-दोन थेंब असते. इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरला सेकंदाला २० वेळा तो फवारा मिळावा लागतो, आणि प्रत्येक फवारा साधारण दोन मिलिसेकंदांत संपतो.

हे जमवणाऱ्या जोडीला गॅरेजच्या भाषेत ‘एलिमेंट’ म्हणतात. एक दांडा आणि तो ज्यात सरकतो ते नळकांडे. दोहोंतली फट दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, यावरून अंदाज यावा. कारखान्यात ही जोडी एकमेकांना घासून जुळवलेली असते. म्हणून एकाचा दांडा दुसऱ्याच्या नळकांड्यात चालत नाही. दांडा वरखाली ठरावीकच जातो, पण त्याच्या अंगावर तिरपी खाच असते. ॲक्सिलरेटर दाबला की रॅक सरकतो, दांडा किंचित फिरतो आणि खाचेमुळे डिझेलचे माप कमी-जास्त होते.

जर्मनीच्या रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने असे पंप १९२७ मध्ये मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. भारतात १९५१ पासून ‘मायको’ने ते रुजवले. कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश झाले, तरी जुने मिस्त्री अजून ‘मायकोचा पंप’ असेच म्हणतात.

खोलण्याआधी काय पाहावे?

सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. पंपावर आळ येतो आणि दोषी निघतो तुंबलेला फिल्टर, थकलेला फीड पंप, नाही तर हवा ओढणारी रबरी नळी. टाकीपासून पंपापर्यंतची लाइन आधी तपासावी, फिल्टर बदलावा, एअर काढावी आणि नोझल टेस्टरवर लावून पाहावेत. फवारा धुक्यासारखा न पडता धार लागत असेल किंवा टोकाशी थेंब लोंबत असेल, तर काळ्या धुराचे कारण नोझलमध्येच आहे.

पंप खरोखर झिजल्याची एक जुनी खूण आहे. सकाळी थंड इंजिन सुरू होते, पण घाट चढून गरम झालेली गाडी बंद केली की पुन्हा सुरू होत नाही. गरम डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या फटीतून मागे गळते. काही जण अशा वेळी पंपावर गार पाणी ओततात. गाडी कदाचित सुरू होईलही, पण बाहेरचे अंग आकसून आतला दांडा जाम होण्याची भीती असते.

एक सूचना मात्र जिवावर बेतणारी आहे. चालू इंजिनात गळती कुठे आहे हे बोट लावून पाहू नये. शेकडो बार दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही, पण आतले मांस कुजू लागते. अशी जखम झाल्यास मलम लावून थांबू नये. तातडीने मोठ्या रुग्णालयात जावे आणि ‘डिझेल आत गेले आहे’ असे स्पष्ट सांगावे.

टेस्ट बेंचवर काय कळते?

पंप काढून मोटरवर चालणाऱ्या बेंचवर बसवतात. विशिष्ट चाचणी-तेल ठरावीक तापमानाला ठेवून प्रत्येक एलिमेंटमधून पडणारे तेल काचेच्या नळ्यांत मोजतात. आयडलिंगला किती, भरल्या लोडला किती आणि गव्हर्नर कोणत्या फेऱ्यांवर तेल तोडतो, हे कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहतात. सहा सिलिंडरच्या पंपात दोन फवाऱ्यांमधले अंतर ६० अंश हवे. त्यात अर्ध्या अंशाचा फरकही फार झाला. ‘कानाने सेट करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती पंप देऊ नये. खोलण्याआधीचे आणि जोडल्यानंतरचे आकडे कागदावर मागून घ्यावेत.

दुरुस्ती की बदली?

एलिमेंट, डिलिव्हरी व्हॉल्व्ह, सील, बेअरिंग, गव्हर्नरच्या स्प्रिंगा हे सारे बदलता येते. पंपाचे अंग आणि कॅमशाफ्ट धड असेल तर दुरुस्तीच परवडते. कॅम खवले पडल्यासारखा झिजला असेल, अंगाला तडा असेल किंवा पाण्याने आत गंज धरला असेल, तर हिशोब बदलीकडे झुकतो. भंगार बाजारातला पंप स्वस्त वाटतो. पण दिसायला जुळा असलेला पंप उलट दिशेने फिरणारा किंवा वेगळ्या मापाच्या दांड्याचा असू शकतो, म्हणून प्लेटवरचा नंबर अक्षर न अक्षर जुळायला हवा.

बसवताना टायमिंगची खूण चुकली तर नवा पंपही पांढरा धूर काढतो किंवा इंजिन ठोकू लागते. रॅक अडकला तर इंजिन आपोआप रेस होत सुटते. म्हणून पहिल्यांदा सुरू करताना हवा बंद करण्याची तयारी ठेवूनच चावी फिरवावी.

पाणी शिरले तर?

२२ जुलै २०२१ च्या महापुरात वाशिष्ठीचे पाणी चिपळूणमध्ये घुसले आणि असंख्य वाहने बुडाली. बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारणे ही सर्वात महागडी चूक. श्वासनळीतून टाकीत शिरलेले पाणी त्याने थेट पंपात जाते, आणि डिझेलचे वंगण नसलेल्या त्या दोन-तीन मायक्रॉनच्या फटीत गंज धरायला काही दिवस पुरतात. टाकी, लाइन, फिल्टर रिकामे करून मगच पुढे जावे. पूर नसतानाही कोकणच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी आतून घाम धरते. फिल्टरच्या तळाचे पाणी पावसाळ्यात वरचेवर सोडणे दोन मिनिटांचे काम आहे. रॉकेलची भेसळही वंगण तोडून पंप तितक्याच हमखास खाते.

नव्या गाड्यांचे काय?

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत ‘कॉमन रेल’ आहे. तिथे पंप फक्त दाब तयार करतो, तोही १६०० बार आणि त्याहून पुढे. वेळ आणि माप संगणक ठरवतो. असा पंप आतून झिजला तर धातूचा चुरा रेल आणि सगळ्या इंजेक्टरपर्यंत पोहोचतो. नुसता पंप बदलून भागत नाही, सारी यंत्रणा साफ करावी किंवा बदलावी लागते. नव्या इंजेक्टरवरचा कोडही बहुतेक गाड्यांत संगणकात भरावा लागतो. फिल्टर कापून पाहिल्यावर चकाकणारी भुकटी दिसली, तर गाडी तिथेच थांबवून टो करून नेणे स्वस्त पडते.