मद्रासच्या ग्रंथालयातली वीस वर्षं

डॉ. एस. आर. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक! १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९४४ पर्यंत त्यांनी त्या ग्रंथालयाचं रूपच पालटलं. लंडनहून शिकून आल्यावर त्यांनी वाचकांना थेट कपाटांपर्यंत जाऊ दिलं. मला हा त्यांचा सगळ्यात मोठा निर्णय वाटतो. पुस्तक चाळल्याशिवाय निवडणार कसं? १९३१ मध्ये त्यांची ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री आली, १९३३ मध्ये पुस्तकांचं द्विबिंदू वर्गीकरण. लंडनच्या दुकानात मेकॅनोच्या त्याच तुकड्यांपासून वेगवेगळी खेळणी जोडलेली पाहून त्यांना ते सुचलं: विषयाचे घटक सुटे करायचे आणि चिन्हांनी जोडून क्रमांक बनवायचा. त्यामुळे नव्या विषयालाही जागा मिळते.

त्यांच्याच स्मरणार्थ १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन असतो. आपल्या कॉलेजच्या ग्रंथपालांना त्या दिवशी आवर्जून भेटा!