वर्तुळ लंबगोल का झाले?

संगणकाच्या पडद्यावर काढलेले वर्तुळ तुम्ही कधी फूटपट्टीने मोजून पाहिले आहे काय? गेल्या वर्षी एका शाळेतील भूमितीच्या बाईंनी मला ते मोजायला लावले. उंची ६ सेंटिमीटर, तर रुंदी ८! शिवाय अक्षरे पुसट दिसत आणि यंत्र इतके मंद चाले, की ते भंगारात काढण्याचे घाटत होते. शाळेत तो एकच संगणक होता.

त्यावर ‘लिनक्स मिंट’ या कार्यप्रणालीची ‘एक्सएफसीई’ ही हलकी आवृत्ती होती. २००६ साली सुरू झालेली ही प्रणाली विनामूल्य असून नवशिक्यालाही सहज वापरता येते. मग बिघडले कोठे?

प्रथम पडदा पाहू. एलसीडी पडद्यावर ठरावीक संख्येचे बिंदू, म्हणजे पिक्सेल, कारखान्यातच बसवलेले असतात. बाईंच्या पडद्यावर ते आडवे १३६६ व उभे ७६८ होते. मात्र ‘सेटिंग्ज’मधील ‘डिस्प्ले’ या भागात कोणीतरी १०२४ × ७६८ हे माप निवडले होते. ‘बिंदू कमी, म्हणजे काम कमी आणि अक्षरेही मोठी,’ असा त्यामागचा हिशेब!

आता गणित करा. १३६६ ला १०२४ ने भागले, की सुमारे १.३३ येतात. चित्र फक्त आडवे तेवढ्या पटीने ताणले गेले; म्हणून ६ चे ८ झाले. चित्रातील तीन बिंदू पडद्यावरील चार बिंदूंत बसवायचे, तर मधल्या बिंदूंना शेजाऱ्यांच्या रंगांचे मिश्रण द्यावे लागते. अक्षरे पुसट होतात ती यामुळेच. पडद्याचे मूळ माप निवडताच वर्तुळ पुन्हा वर्तुळ झाले. अक्षरे मोठी हवी असतील, तर ‘अपिअरन्स’मध्ये जाऊन फॉन्टचा आकार वाढवावा, पडद्याचे माप बदलू नये.

चुकीचे माप निवडले जाईल, अशी भीती बाळगू नका. नवे माप दिसताच प्रणाली ‘हे ठेवायचे का?’ असे विचारते. काही सेकंदांत होकार न दिल्यास जुने माप आपोआप परत येते.

पण मंदपणाचे काय? बिंदू कमी केल्याने चित्राचे काम पाऊणपट झाले होते, हे खरे. पण दुखणे दुसरीकडेच होते. रॅम होती २ गिगाबाइट. एवढ्यावर ही प्रणाली कशीबशी चालते. सुखाने चालण्यास ४ लागतात. रॅम भरली, की संगणक जास्तीची माहिती हार्ड डिस्कवर ठेवतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या चकतीची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. म्हणजे हवा तो भाग येण्यास सरासरी अर्धी फेरी, ४ मिलिसेकंद, थांबावे लागते. वर वाचणारा काटा सरकण्याचा वेळ निराळा. रॅमला मात्र मिलिसेकंदाचा हजारो भागांतील एखादाच भाग पुरतो. आता सांगा, यंत्र रखडेल नाही तर काय?

म्हणून आम्ही आणखी २ गिगाबाइट रॅम बसवली. संगणक सुरू होताच आपोआप उघडणारे अनावश्यक प्रोग्रॅम ‘स्टार्टअप’च्या यादीतून बंद केले. ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’मधील ‘कंपोझिटर’ही बंद केला. खिडक्यांना सावली व पारदर्शकता देण्याचे काम तो करतो. त्याच्यावाचून खिडकी सरकवताना चित्र क्वचित तुटल्यासारखे दिसते. पण जुन्या यंत्राचा भार हलका होतो.

यातील प्रत्येक बदल आम्ही एकेकटा केला आणि दर वेळी संगणक सुरू होण्यास लागणारा वेळ घड्याळावर मोजला. चार बदल एकदम केले असते, तर कशामुळे काय सुधारले, हे कसे कळणार? प्रयोगशाळेतील हा नियम येथेही तितकाच खरा आहे.

तो संगणक आजही वर्गात आहे. तुमच्या शाळेतही एखादा मंद संगणक कोपऱ्यात धूळ खात पडला असेल. शिक्षकांची परवानगी घ्या, पडद्यावर एक वर्तुळ काढा आणि फूटपट्टी लावा. भंगारवाल्याला बोलावण्यापूर्वी एवढे तरी करून पाहाच!