लॉक सोडून करायची कामं

1996 साली लिनक्स 2.0 एकाहून अधिक प्रोसेसरवर चालू लागलं, पण कर्नलमध्ये एका वेळी एकच प्रोसेसर शिरायचा. बाकीचे बिग कर्नल लॉक सुटायची वाट बघत. 2.2 मध्ये त्या लॉकचा पसारा कमी झाला, नेटवर्किंग मात्र मागेच राहिलं. 1999 मध्ये माइंडक्राफ्ट या कंपनीच्या चाचणीत चार प्रोसेसर आणि चार नेटवर्क कार्डांच्या सर्व्हरवर विंडोज एनटीने लिनक्सला मागे टाकलं. चाचणीचा खर्च मायक्रोसॉफ्टचा, म्हणून बराच गदारोळ झाला. पण दुखणं खरं होतं. 2001 च्या 2.4 मध्ये इंटरप्टचं उरलेलं काम मागाहून उरकणारे सॉफ्टआयआरक्यू आले आणि एकाच वेळी अनेक प्रोसेसर पॅकेटं हाताळू लागले.

पुढची बरीच वर्षं लॉकचे तुकडे पाडण्यात गेली. पण तुकडे कितीही बारीक केले तरी लॉक फुकट मिळत नाही. 10 गिगाबिटच्या लाइनवर लहानात लहान पॅकेटं सेकंदाला 1.48 कोटी येतात, म्हणजे एकेकाच्या वाट्याला 67 नॅनोसेकंद. कुणाशीही स्पर्धा नसताना नुसतं लॉक घेऊन सोडण्यातच त्यातला मोठा घास जातो. म्हणून 2014 च्या 3.18 मध्ये पाठवण्याच्या रांगेतून एका लॉकमध्ये पॅकेटांचा गठ्ठाच काढायची सोय झाली.

मला या सगळ्यात सर्वांत देखणा वाटतो तो कर्नलच्या नेटवर्किंगवर काम करणाऱ्या एरिक ड्युमाझे यांचा नोव्हेंबर 2021 चा बदल. प्रोग्रॅम टीसीपी सॉकेटवरून डेटा वाचतो, तेव्हा सॉकेटचं लॉक त्याच्या हातात असतं. डेटा कॉपी झाला की रिकामं पॅकेट मोकळं करायचं. अनेक पॅकेटं जोडून बनलेलं 64 केबीचं पॅकेट असेल, तर मेमरीच्या सुमारे 45 पानांचे संदर्भ एकेक करून सोडावे लागतात, आणि हे सगळं लॉक धरूनच चालायचं. तेवढ्यात त्याच कनेक्शनवर आलेली पॅकेटं बॅकलॉगमध्ये पडायची. लॉक सोडताना तो बॅकलॉग त्याच प्रोग्रॅमला निस्तरावा लागे, आणि निस्तरेपर्यंत आणखी भर पडे. या साफसफाईला सॉकेटच्या लॉकची गरजच नव्हती! ड्युमाझे यांनी रिकामी पॅकेटं बाजूच्या यादीत टाकली आणि ती मोकळी करायचं काम लॉक सुटल्यानंतर ठेवलं. 5.17 मध्ये हा बदल आला.

आरटीएनएल नावाचं मोठं लॉक मात्र अजून उरलंय. इंटरफेस, पत्ते, राउट यांतल्या बहुतेक बदलांना हे एकच लॉक लागतं. हजारो कंटेनर उभे-आडवे होणाऱ्या सर्व्हरवर ते फार जाचतं. कुनियुकी इवाशिमा यांनी 2024 पासून प्रत्येक नेटवर्क नेमस्पेसला, म्हणजे कंटेनरला मिळणाऱ्या वेगळ्या नेटवर्कला, स्वतंत्र आरटीएनएल द्यायचं काम हाती घेतलंय. त्यासाठी जुना कोड एकेक वाट तपासत सोडवावा लागतोय.