पिकअपचा हौदा गंजलाय? पत्रा मारण्याआधी खाली वाकून बघा

घोड नदीकाठच्या इनामगावसारख्या गावांत जुनी पिकअप म्हणजे घरचा रोजगार. ऊस, कांदा, शेणखत, खताच्या गोण्या, सगळं तिच्यातूनच जातं. हौदा गंजला की प्रश्न येतो, पत्रा मारायचा की हौदाच बदलायचा?

गंजाला पाणी कारण आहेच, पण पोटॅश त्याहून वाईट. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. मिठासारखंच तेही लोखंड खातं. सांडलेलं खत रबरी मॅटखाली ओलं राहिलं, की पत्रा गुपचूप सडतो.

निर्णय मात्र वरच्या भोकांवरून घेऊ नये. हौद्याखालच्या आडव्या चॅनलवर हातोडी मारून पाहावी. खणखणीत आवाज आला, तर सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंग केला तरी भागतं. पापुद्रे सुटले, तर भार चॅसीवर नेणारा सांगाडाच गेला. मग नुसता पत्रा मारणं म्हणजे पैसे पाण्यात.

‘जाड पत्रा टाका’ हा गॅरेजमधला हमखास सल्ला. पण ९ बाय साडेपाच फुटांच्या तळाला जाडी १ मिलिमीटरने वाढवली, की सुमारे ३६ किलो वजन वाढतं. तेवढा माल कमी भरावा लागतो, कारण ओव्हरलोडचा दंड २० हजार रुपयांपासून सुरू होतो. हौद्याचं माप वाढवायचं असेल, तर आधी आरटीओत विचारलेलं बरं. ८ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस तपासणी असतेच.

वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढावी, डिझेल टाकी झाकावी. नंतर जोडाच्या खालच्या बाजूलाही प्रायमर मारून घ्यावा. घाईत तीच बाजू राहते आणि गंज तिथूनच परत धरतो.