फी गोठली, बिल कोणाच्या नावावर?

सरकारी मदतीवर उभ्या असलेल्या विद्यापीठाचा खर्च भागवायचा कोणी, करदात्यांनी की विद्यार्थ्यांनी? इंग्लंडने या प्रश्नाचं उत्तर पार फिरवलं. १९९८ पर्यंत तिथे पदवीच्या विद्यार्थ्याला फी भरावी लागत नसे. त्या वर्षी ती कमाल १,००० पौंड झाली, २००६ मध्ये ३,००० आणि २०१२ मध्ये थेट ९,०००. शिकवण्यासाठीच्या सरकारी अनुदानाला त्याच वेळी मोठी कात्री लागली.

ही रक्कम खिशातून लगेच द्यावी लागत नाही. सरकार कर्ज देतं. २०२३ च्या नव्या योजनेत वार्षिक उत्पन्न २५,००० पौंडांच्या पुढे गेलं, की वरच्या रकमेतले ९ टक्के कापले जातात. ३०,००० कमावणाऱ्याचे वर्षाला ४५० पौंड जातात. ४० वर्षांनी उरलेलं कर्ज माफ होतं.

खरी गोची वेगळीच आहे. २०१७ मध्ये कमाल फी ९,२५० झाली आणि २०२५ पर्यंत तिथेच अडकली. मग जेमतेम ९,५३५ वर गेली. मधल्या काळात पगार, वीज, प्रयोगशाळेचं साहित्य सगळंच महागलं. आकडा तोच राहिला, पण त्याची खरेदीशक्ती घटत गेली.

हा खड्डा विद्यापीठांनी परदेशी विद्यार्थ्यांच्या फीमधून भरला, कारण तिच्यावर सरकारी मर्यादा नाही. पुण्या-नागपुरातून मास्टर्सला गेलेल्यांचे पैसेही त्यात आले. त्यामुळे जानेवारी २०२४ मध्ये बहुतेक मास्टर्स विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत नेण्यास बंदी आली, तेव्हा विद्यापीठांच्या अर्थखात्यांनाही घाम फुटला.

फी गोठवताना अनुदान वाढवलं नाही, तर बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं.