सरासरी म्हणते ‘ऑल वेल’, डिस्क मात्र फुल्ल!

समजा, कॉलेज फेस्टच्या रजिस्ट्रेशनची साइट तुमच्या टीमकडे आहे. लिंक ग्रुपवर फिरली, मुलं धडाधड फॉर्म भरतायत, आयकार्डचे फोटो अपलोड करतायत. आणि ऐन शेवटच्या रात्री साइट बंद! कारण काय, तर सर्व्हरची डिस्क भरली. ‘अरे, पण अलर्ट लावला होता ना?’ लावला होता की. पण तो वाजला तेव्हा करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

असं का होतं? सर्व्हरचे आकडे कधीच शांत नसतात. सीपीयू आत्ता २० टक्के, पुढच्या मिनिटाला ९५, परत ३०. प्रत्येक उडीला अलर्ट वाजू दिला तर फोन रात्रभर कोकलेल आणि तिसऱ्या रात्री कुणीतरी तो सरळ म्यूट करेल. म्हणून आकडे ‘स्मूद’ करतात. नव्या रीडिंगला थोडं वजन द्यायचं, आधीच्या अंदाजाला उरलेलं. हे वजन म्हणजे अल्फा. अल्फा ०.२ असेल तर २० टक्के ऐकायचं आताचं, ८० टक्के आधीचं. तुम्ही हे पाहिलंही असेल. लिनक्सवर ‘अपटाइम’ टाइप केलं की लोड अ‍ॅव्हरेजचे तीन आकडे येतात, १, ५ आणि १५ मिनिटांचे. तेही याच जातीचे.

गोची होते ती आकडा सतत एकाच दिशेने चालला असेल तेव्हा. आपली डिस्क दर तासाला २ टक्के भरतेय आणि रीडिंगही तासाला एकदाच घेतोय. अल्फा ०.२. काही तासांनी स्मूद केलेला आकडा खऱ्या आकड्याच्या ८ टक्के मागे राहायला लागतो आणि तिथेच अडकतो. म्हणजे अलर्ट ९० वर लावला असेल, तर तो वाजेल तेव्हा डिस्क खरं तर ९८ टक्के भरलेली असणार. हातात उरला फक्त एक तास! विश्वास बसत नसेल तर एक्सेलमध्ये दोन कॉलम करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

अटेंडन्सचंच घ्या ना. सेमिस्टरची सरासरी ८० टक्के दिसते म्हणून आपण निवांत असतो, पण गेले तीन आठवडे ती घसरतेय हे त्या ८० मध्ये दिसतच नाही.

यावरचा उपाय सर्व्हरपेक्षा जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रॉबर्ट ब्राउन अमेरिकन नौदलासाठी काम करत होते. पाणबुडीचा माग काढण्याच्या गणितातून त्यांची ही स्मूदिंगची पद्धत आली. १९५७ मध्ये चार्ल्स होल्ट यांनी नौदलाच्याच संशोधन कार्यालयासाठी लिहिलेल्या अहवालात ट्रेंडचा हिशेब मांडला. गंमत म्हणजे तो अहवाल जर्नलमध्ये छापून आला थेट २००४ साली! तोवर जगभर तो वापरून झाला होता.

होल्ट यांची आयडिया साधी आहे. एकाऐवजी दोन आकडे सांभाळायचे: आताची पातळी आणि ती दर वेळी किती सरकतेय तो कल. नवं रीडिंग आलं की ‘जुनी पातळी अधिक कल’ या अंदाजाशी ते ताडायचं आणि दोन्ही थोडे थोडे दुरुस्त करायचे. कलासाठी वेगळं वजन, बीटा. आता डिस्क ७६ टक्के असतानाच हिशेब सांगतो, ‘याच वेगाने १२ तासांत भरेल.’ जुने लॉग उडवायला, जागा वाढवायला भरपूर वेळ.

पण दर रात्री वाढणारा आणि पहाटे उतरणारा ट्रॅफिक असेल, तर होल्ट रोज संध्याकाळी उगाच घाबरवेल. त्यासाठी पीटर विंटर्स यांनी १९६० मध्ये हंगामाचा तिसरा आकडा जोडला. मॉनिटरिंगसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रोमिथियसमध्ये ‘होल्ट-विंटर्स’ नावाचं फंक्शन होतं खरं, पण त्यात हा तिसरा आकडा नव्हताच. २०२४ च्या ३.० आवृत्तीत त्याचं नाव बदलून ‘डबल एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग’ केलं, ते बरंच झालं.

आणि एक, सीपीयूवर ट्रेंड लावायला जाऊ नका. तिथे आकडा वर-खाली उड्या मारतो, आणि चढ दिसला की होल्ट बिनदिक्कत ११२ टक्क्यांचं भाकीत करून मोकळा होतो. तिथे साधं स्मूदिंगच बरं.